राखीव सैनिकाचा कागद

राखीव सैनिक म्हणजे पलटणीतली नोकरी आटोपून घरी परतलेला, पण सरकारचे बोलावणे येताच पुन्हा रुजू होण्यास कायद्याने बांधलेला सैनिक. 1888 च्या भारतीय राखीव दल कायद्याने ही व्यवस्था घालून दिली आणि स्वातंत्र्यानंतरही कित्येक वर्षे शिपायांची भरती याच पद्धतीने होत राहिली. करार साधारण 15 वर्षांचा असे. त्यातली काही वर्षे 'कलर' सेवेची, म्हणजे प्रत्यक्ष पलटणीत राहून करायची, आणि उरलेली राखीव सेवेची, म्हणजे शेतीवाडी किंवा कामधंदा सांभाळत बोलावण्याची वाट पाहण्याची. शाखेनुसार आणि भरतीच्या सालानुसार ही वाटणी बदलत असे : कुणाची 7 आणि 8 वर्षांची, कुणाची 9 आणि 6 वर्षांची. याच्याशी मिळतीजुळती, पण कायद्याने वेगळी व्यवस्था प्रादेशिक सेनेची, जिला सैनिक आणि त्यांचे घरचे लोक 'टीए' एवढ्याच नावाने ओळखतात. तिच्यातला माणूस मुळात नागरिक असतो आणि वर्षातला काही काळ, किंवा गरज पडल्यास सलग काही वर्षे, सैनिक होतो. दोन्ही व्यवस्थांमध्ये सेवा तुकड्यातुकड्यांची असते. सलग नोकरी केलेल्या हवालदाराच्या बाबतीत भरतीची तारीख आणि निवृत्तीची तारीख एवढ्या दोन नोंदी बरोबर असल्या तरी मधला हिशेब बहुतेक जुळतो. राखीव सैनिकाच्या बाबतीत मात्र प्रत्येक येण्याची आणि प्रत्येक जाण्याची तारीख कुठेतरी लिहिलेली असावी लागते, आणि त्यातली एक जरी गळाली तरी तेवढी सेवा सरकारच्या लेखी झालेलीच नसते.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हातकणंगले तालुक्यातील हुपरीसारख्या गावाला हा प्रश्न परका नाही. हुपरीचे नाव चांदीच्या दागिन्यांनी देशभर नेले. पैंजण, साखळ्या, जोडवी आणि करदोडे घडवण्याचे काम तिथे आणि आसपासच्या रेंदाळ, यळगूड, पट्टणकोडोली या गावांत घरोघरी चालते. पण याच पट्ट्यातून सैन्यात जाण्याची परंपराही जुनी आहे. शेजारच्या शिरोळ तालुक्यातल्या टाकळीने आपल्या नावामागे 'सैनिक' हा शब्द लावून घेतला तो उगाच नाही. दक्षिणेला निपाणी-संकेश्वरच्या वाटेने साधारण 100 किलोमीटरवर बेळगाव, म्हणजे 1922 पासूनचे मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र. पश्चिमेला कोल्हापूर शहरात टेंबलाई टेकडीच्या परिसरात प्रादेशिक सेनेची 109 वी मराठा पलटण. अशा मुलखात राखीव सैनिक, टीएचे जवान आणि त्यांच्या विधवा सर्वत्र आढळतात, आणि त्यांच्यापैकी ज्यांना आयुष्याच्या उतारावर आपल्याच सेवेचा पुरावा मागितला जातो, त्यांची गाठ एका अशा कारभाराशी पडते, ज्याची भाषा त्यांना कुणी कधी समजावून सांगितलेली नसते.

त्या कारभाराचे केंद्र म्हणजे रेकॉर्ड ऑफिस. सैन्यातल्या प्रत्येक रेजिमेंटचे आणि कोअरचे स्वतःचे रेकॉर्ड ऑफिस असते आणि शिपायापासून सुभेदार मेजरपर्यंत सर्वांची सेवापत्रे तिथे राहतात. मराठा पलटणींतल्या माणसाचे कागद बेळगावला. तोफखान्यातल्याचे नाशिक रोडला. बॉम्बे सॅपर्सच्या माणसाचे पुण्यात खडकीला. रणगाडा दलातल्याचे अहिल्यानगरला, जे जुन्या लोकांच्या तोंडी अजून नगरच आहे. महार रेजिमेंटच्या माणसाचे मध्य प्रदेशात सागरला. सिग्नल्सच्या माणसाचे जबलपूरला, आणि ईएमईच्या कारागिराचे सिकंदराबादला. माणूस एकाच गल्लीतला असला तरी कुणाच्या अर्जाला शंभर किलोमीटर जावे लागते, कुणाच्या अर्जाला हजार. त्यात पहिल्या पिढीच्या सैनिकांची आणखी एक अडचण होती. कोल्हापूर, बडोदा, हैदराबाद या संस्थानांच्या फौजांतले लोक विलीनीकरणानंतर भारतीय सैन्यात सामावले गेले, त्यातले काही मराठा रेजिमेंटमध्ये आले, आणि अशा माणसाच्या सेवेचा आधीचा भाग एका दप्तरात तर नंतरचा दुसऱ्या दप्तरात राहिला.

या कार्यालयातील मुख्य कागद म्हणजे 'शीट रोल'. भरतीच्या दिवशी उघडलेला आणि सेवा संपेपर्यंत भरत गेलेला हा तक्ता म्हणजे सैनिकाचे सेवापुस्तक होय. त्यात उंची, अंगावरची खूण, शिक्षण, गाव, बदल्या, बढत्या, शिक्षा, पदके, वैद्यकीय श्रेणी असे सर्व काही येते. पण शीट रोलमध्ये कुणीही मनाने काही लिहू शकत नाही. पलटणीतून निघालेला 'पार्ट टू ऑर्डर', म्हणजे सैनिकाच्या वैयक्तिक बाबींविषयीचा क्रमांकित आदेश, हाच नोंदीचा आधार असतो. लग्न झाले, मूल झाले, रजेवर गेला, रुग्णालयात दाखल झाला, राखीव दलात गेला, तिथून परत बोलावला गेला, पदक मिळाले, या प्रत्येक गोष्टीसाठी असा आदेश निघावा लागतो. कुटुंबीयांची यादी 'किंड्रेड रोल' नावाच्या वेगळ्या कागदावर असते. सेवा संपताना सैनिकाच्या हाती पडते ते 'डिस्चार्ज बुक', आणि गावाकडे हाच सर्वांत मोलाचा कागद. शेवटी येतो 'लाँग रोल' : एका माणसाला एक ओळ देणारी मोठी नोंदवही, जिच्यात क्रमांक, नाव, भरतीची तारीख, सेवा संपल्याची तारीख आणि कारण एवढेच थोडक्यात असते. राखीव सैनिकाच्या संदर्भात या शेवटच्या वहीला किती महत्त्व येते, ते पुढे दिसेल.

नोंद चुकते ती बहुधा वाईट हेतूने नव्हे. भरतीच्या रांगेत उभ्या असलेल्या 18-19 वर्षांच्या मुलाने तोंडी सांगितलेले नाव दुसऱ्या प्रांतातल्या कारकुनाने रोमन लिपीत उतरवले, आणि त्याच क्षणी चुकीचे बी पडले. कोल्हापूर जिल्ह्यात तर ही अडचण दुहेरी आहे, कारण इथे नावांची स्वतःची रीत आहे. बाळासाहेबाचा 'बाळासो', आप्पासाहेबाचा 'आप्पासो', बाबासाहेबाचा 'बाबासो' हा संक्षेप इथे शाळेच्या दाखल्यापासून सातबाऱ्यापर्यंत सर्वत्र चालतो आणि इथल्या तलाठ्याला त्यात काही खटकत नाही. पण बेळगावच्या दप्तरात 'बाळासाहेब' आणि आधार कार्डावर 'बाळासो' असले, की संगणकाला ती दोन माणसे वाटतात. सीमेलगतच्या जैन आणि लिंगायत घरांतील 'बाळगोंडा' एका कागदावर 'बाळगौडा' होतो. कुणाच्या शीट रोलमध्ये आडनाव नसतेच, फक्त स्वतःचे आणि वडिलांचे नाव असते. कुणाच्या बाबतीत आडनावाच्या जागी गावाचे नाव बसलेले असते.

जन्मतारखेचे तेच. महाराष्ट्रातल्या एका संपूर्ण पिढीचा वाढदिवस 1 जूनला येतो, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी सोयीची तारीख लिहिली. जो मुलगा शाळेचा दाखला न घेता भरतीला गेला, त्याच्या सैनिकी कागदावर तारखेऐवजी फक्त अंदाजे वय आले, आणि ते वय भरतीच्या दिवसापासून मोजून एक तिसरीच तारीख तयार झाली. नोकरी संपत आल्यावर किंवा संपल्यावर जन्मतारीख बदलून मागणाऱ्यांना न्यायालये सहसा दाद देत नाहीत, आणि त्यामागचे कारण रास्त आहे. पण ज्याला तारीख बदलून एक दिवसाचीही जादा नोकरी मिळणार नाही, ज्याला फक्त दोन कागद एकमेकांशी जुळवून हवे आहेत, अशा वृद्धाची मागणी त्याच मापाने मोजली जाते, तेव्हा नियमाचा हेतू मागे पडून नुसते अक्षर उरते.

सर्वांत अधिक हाल होतात ते पत्नीच्या नावापायी. लग्नात मुलीचे नाव बदलण्याची रीत या भागात आजही पुरती गेलेली नाही आणि पन्नास-साठ वर्षांपूर्वी तर ती जवळपास सार्वत्रिक होती. सैनिक भरतीच्या वेळी अविवाहित. पुढे सुट्टीत लग्न झाले. पलटणीत परतल्यावर त्याने बायकोचे नाव सांगितले ते कधी माहेरचे, कधी सासरचे, कधी घरात हाक मारायचे. किंड्रेड रोलमध्ये तारा, मतदार यादीत सुशीला आणि बँकेच्या पुस्तकात सुशीलाबाई अशी एकच बाई तीन ठिकाणी तीन नावांनी उभी राहते. नवरा हयात असेपर्यंत याची कुणाला आठवण होत नाही. तो गेल्यावर कुटुंब निवृत्तिवेतनाचा अर्ज होतो आणि मग ती आपल्याच नवऱ्याची बायको असल्याचे सिद्ध करण्यासाठी प्रतिज्ञापत्र, राजपत्रातली जाहिरात, लोकप्रतिनिधींचा दाखला आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची शिफारस गोळा करत फिरते. निवृत्तिवेतनाचा आदेश, ज्याला सारे 'पीपीओ' म्हणतात, तो प्रयागराजच्या संरक्षण लेखा कार्यालयातून निघतो. त्यात दुरुस्ती हवी असेल तर आधी रेकॉर्ड ऑफिसने आपली नोंद सुधारायची, मग प्रयागराजला कळवायचे आणि तिथून शुद्धिपत्र निघायचे, असा तो क्रम. 2021 नंतर 'स्पर्श' ही संगणकीय प्रणाली आली आणि जुन्या निवृत्तिवेतनधारकांच्या नोंदी तिच्यात उतरवल्या गेल्या, तेव्हा कागदावर वर्षानुवर्षे कुणाच्याच नजरेला न आलेल्या किती तरी विसंगती उघड्या पडल्या. प्रणालीने त्या दाखवल्या हे चांगलेच झाले. पण दुरुस्तीचा भार मात्र तिने ऐंशी वर्षांच्या माणसावर टाकला, ज्याला पासवर्ड म्हणजे काय हे नातवाला विचारावे लागते.

इथवरच्या अडचणी सर्वच सैनिकांच्या. राखीव सैनिकाची खास अडचण यापुढे सुरू होते. 1961 च्या सैन्य निवृत्तिवेतन नियमावलीत, तिच्या 155 व्या नियमात, राखीव सैनिकासाठी तरतूद होती : कलर आणि राखीव मिळून ठरलेली, म्हणजे किमान 15 वर्षांची पात्र सेवा पुरी केलेल्याने एक तर लहानसे मासिक निवृत्तिवेतन घ्यावे किंवा त्याऐवजी एकरकमी उपदान घ्यावे, आणि एकदा निवडलेला पर्याय अंतिम समजावा. घरात बहिणीचे लग्न, विहिरीचे कर्ज किंवा भट्टी आणि हत्यारे घेऊन चांदीच्या कामाला लागण्याचा बेत असलेल्या तिशीतल्या माणसाला महिन्याला हाती पडणाऱ्या त्या काळच्या क्षुल्लक रकमेपेक्षा रोख रक्कम जवळची वाटली, तर त्यात नवल नव्हते. पण उपदान घेताच तो 'निवृत्तिवेतन नसलेला' या वर्गात गेला, आणि या वर्गाचे सेवादस्तऐवज सेवा संपल्यापासून 25 वर्षे ठेवून नंतर नष्ट करण्याचा सैन्याचा नियम आहे. म्हणजे तिशीत घरी आलेल्या माणसाचा शीट रोल तो पंचावन्नचा होईपर्यंत टिकला. त्याला खरोखर गरज पडायची ती त्यानंतर, हातपाय थकल्यावर, सरकारी मदतीचा अर्ज करताना, आणि तोवर बेळगावला, नाशिकला किंवा सागरला उरलेली असते ती फक्त लाँग रोलमधली एक ओळ. कलर सेवा किती, राखीव सेवा किती, मध्ये बोलावणे किती वेळा आले, कोणते पदक देय होते, यातले फारसे काही त्या ओळीत मावत नाही.

घरचा कागद तरी असावा, तर पंचगंगा आणि कृष्णाकाठच्या गावांनी 2005, 2019 आणि 2021 असे तीन मोठे महापूर पाहिले. माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत जपून ठेवलेली डिस्चार्ज बुके चिखलात गेली. एका बाजूला सरकारने नियमाने जाळलेले दप्तर आणि दुसऱ्या बाजूला पाण्याने नेलेली ट्रंक, यांच्यामध्ये उभ्या असलेल्या माणसाला 'पुरावा आणा' असे सांगणे हा अन्याय आहे, आणि या लेखाचे मुख्य म्हणणे हेच आहे की दस्तऐवज ज्याने आपल्या नियमाने नष्ट केला, त्यानेच संशयाचा फायदा सैनिकाला द्यायला हवा.

न्यायालयांनी या प्रश्नाला अंशतः हात घातला आहे. अपंगत्वामुळे 1983 साली सैन्यातून बाहेर पडलेल्या तरसेम सिंग यांनी 1999 मध्ये उच्च न्यायालयात धाव घेतली. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2008 साली असे तत्त्व सांगितले की निवृत्तिवेतन न मिळणे ही दर महिन्याला नव्याने घडणारी हानी असल्यामुळे उशीर झाला म्हणून दावा मरत नाही, मात्र थकबाकी अर्ज करण्यापूर्वीच्या तीनच वर्षांची मिळेल. कायद्याच्या दृष्टीने हा समतोल असेल. पण ज्याला आपला हक्क आहे हेच विसाव्या वर्षी कळले, त्याची सतरा वर्षे गेली ती गेलीच. 2015 साली 'वन रँक वन पेन्शन'चे आदेश निघाले आणि देशभर आनंद झाला, तेव्हा राखीव निवृत्तिवेतनधारकांना त्या आदेशांतून स्पष्ट शब्दांत वगळलेले होते, ही गोष्ट फार थोड्यांनी लक्षात घेतली. नौदलाचीही अशीच कहाणी : ताफ्याच्या राखीव दलात घेतलेच न गेलेल्या नौसैनिकांना राखीव निवृत्तिवेतन मिळावे का, हा वाद टी. एस. दास यांच्या प्रकरणातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 2016 साली न्यायालयाने राखीव निवृत्तिवेतनाचा दावा मान्य न करता विशेष निवृत्तिवेतनाची वाट दाखवली.

दप्तर नष्ट झाले तर काय करता येते, याचे मोठे उदाहरण अमेरिकेत सापडते. 12 जुलै 1973 रोजी सेंट लुईस शहराजवळच्या राष्ट्रीय सैनिकी दप्तराला आग लागली आणि 1 कोटी 60 लाख ते 1 कोटी 80 लाख सेवापत्रे जळाली. 1912 ते 1960 या काळात सेवामुक्त झालेल्या भूदलाच्या माणसांचे सुमारे 80 टक्के कागद त्यात गेले. तिथल्या सरकारने सैनिकांना पुरावा आणायला सांगून हात झटकले नाहीत. शेवटच्या पगाराची पावती, पलटणीचा रोजचा हजेरी-अहवाल, रुग्णालयाची नोंद, दुसऱ्या खात्याकडे केलेला जुना अर्ज, अशा आडवाटेच्या कागदांवरून एकेक सेवापत्र नव्याने उभे करण्याचे काम त्या दप्तराने हाती घेतले आणि ते दशकानुदशके चालू राहिले. शिवाय 1946 च्या कायद्याने तिथे सैनिकी नोंदी दुरुस्त करणारी नागरिकांची मंडळे स्थापन झालेली होती. त्यापूर्वी एका माणसाची नोंद सुधारायची तरी संसदेत खासगी विधेयक आणावे लागे. मंडळाकडे चूक कळल्यापासून तीन वर्षांत जायचे, पण न्यायाच्या दृष्टीने योग्य वाटल्यास मंडळाने उशीर माफ करायचा, अशी ती रचना आहे. आपल्याकडे असे मंडळ नाही. रेकॉर्ड ऑफिसने नकार दिला, की पुढची पायरी थेट सशस्त्र सेना न्यायाधिकरणाची.

प्रादेशिक सेनेच्या जवानाची गुंतागुंत निराळी. 1920 च्या कायद्याने उभारलेल्या इंडियन टेरिटोरियल फोर्सच्या जागी 1948 चा प्रादेशिक सेना कायदा आला आणि 9 ऑक्टोबर 1949 रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी या सेनेचे उद्घाटन केले. जवान प्रशिक्षणाच्या शिबिराला येतो आणि जातो. पण सरकारने पलटण उभी करून त्याला पूर्ण वेळ कामावर घेतले, की त्या काळाला 'एम्बॉडीड' सेवा म्हणतात, आणि निवृत्तिवेतनासाठी धरली जाते ती हीच सेवा. जवानांना आणि कनिष्ठ अधिकाऱ्यांना अशी 15 वर्षे भरावी लागतात. कुणी काश्मीरमध्ये तीन वर्षे काढली, मग घरी आला, मग ईशान्येत चार वर्षे, मग पुन्हा घरी. प्रत्येक वेळी एक आदेश कामावर घेतल्याचा आणि एक मोकळे केल्याचा. 15 वर्षांना काही महिने कमी पडणाऱ्या माणसाचा सगळा दावा एखाद्या न सापडणाऱ्या पार्ट टू ऑर्डरवर अडतो.

आणि दावा फक्त निवृत्तिवेतनाचा नसतो. 'माजी सैनिक' कोणाला म्हणायचे याची केंद्र सरकारची व्याख्या आहे, आणि तिच्यात प्रादेशिक सेनेतले तीनच प्रकारचे लोक बसतात : सलग एम्बॉडीड सेवेबद्दल निवृत्तिवेतन मिळणारे, सैनिकी सेवेमुळे अपंगत्व आलेले आणि शौर्यपदक मिळालेले. या व्याख्येबाहेरच्या माणसाने गणवेशात बारा हिवाळे काढले असले तरी कायद्याने तो माजी सैनिक नाही. महाराष्ट्र शासनाने 2020 साली माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवांना मालमत्ता करातून सूट देणारी सन्मान योजना काढली, तिचा लाभ हुपरीच्या नगरपरिषदेत मागायचा तरी आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला लागतो, आणि तो दाखला पुन्हा डिस्चार्ज बुकातल्या त्याच नोंदींवर उभा असतो. मूळ नोंद चुकली, की ती चूक घरपट्टीच्या पावतीपर्यंत पोचते.

या क्षेत्रातला अलीकडचा सर्वांत महत्त्वाचा निकाल 17 डिसेंबर 2021 चा आहे. पनी राम यांनी नियमित सैन्यात सुमारे 25 वर्षे सेवा केली होती. 2007 मध्ये ते कुमाऊंमधल्या प्रादेशिक सेनेच्या 130 व्या पर्यावरण पलटणीत पुन्हा भरती झाले. एप्रिल 2009 मध्ये रजेवर घरी जाताना रेल्वे अपघातात त्यांचा उजवा पाय गुडघ्यापर्यंत कापावा लागला आणि अपंगत्व 80 टक्के ठरले. पर्यावरण पलटणीतल्या लोकांना निवृत्तिवेतन लागू नाही आणि भरतीच्या वेळी तशा अटी मान्य केलेल्या आहेत, असे सरकारचे म्हणणे होते, आणि सशस्त्र सेना न्यायाधिकरणाने ते उचलून धरले. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एल. नागेश्वर राव आणि अमरावतीचे भूषण गवई यांच्या पीठाने हा निर्णय फिरवला. प्रादेशिक सेनेच्या माणसाला नियमित सैन्याचेच निवृत्तिवेतन नियम लागू होतात हे नियमावलीतच लिहिलेले आहे, आणि बलाढ्य सरकारने एकट्या सैनिकाकडून सही करून घेतलेली अट त्याच्या हक्काला मारक ठरू शकत नाही, अशी त्या निकालाची दिशा होती. इथे एक बारकावा नजरेआड होऊ नये. अपघातानंतर सैन्याने जी चौकशी केली, तिने दुखापत सैनिकी सेवेमुळेच झाल्याचे आणि सैनिकाचा निष्काळजीपणा नसल्याचे लिहून ठेवले होते. तो कागद दप्तरात नसता, तर बारा वर्षांनी सर्वोच्च न्यायालयासमोर मांडण्यासारखे त्यांच्याजवळ फार थोडे उरले असते.

पदकांचा भाग याहून नाजूक आहे, कारण त्यात पैशापेक्षा मानाचा संबंध अधिक. सैनिकी पदके दोन जातींची. परमवीर, महावीर आणि वीर चक्र ही 26 जानेवारी 1950 रोजी स्थापन झालेली आणि 15 ऑगस्ट 1947 पासून लागू मानलेली पदके, तसेच अशोक, कीर्ती आणि शौर्य चक्र, ही शौर्याची. ती शिफारशीने मिळतात. सेवापदके मात्र ठरलेल्या ठिकाणी, ठरलेल्या काळात सेवेत असलेल्या प्रत्येकाला देय असतात : 1965 च्या युद्धाचा समर सेवा स्टार आणि रक्षा पदक, 1971 च्या युद्धाचे पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार आणि संग्राम पदक, सीमेवरच्या कठीण भागातल्या सेवेचे सैन्य सेवा पदक, नऊ वर्षांच्या दीर्घ सेवेचे पदक. प्रादेशिक सेनेची स्वतःची दोन मानचिन्हे आहेत. अधिकाऱ्यांना 20 वर्षांच्या सेवेबद्दल प्रादेशिक सेना अलंकरण आणि जवानांना 12 वर्षांच्या सेवेबद्दल प्रादेशिक सेना पदक.

महावीर आणि वीर चक्र चांदीचे असते, पण घरोघरी आढळणारी बहुतेक सेवापदके तांबे-निकेलच्या मिश्रधातूची. हुपरीच्या कारागिराने टंच काढला तर त्यात चांदी निघणार नाही. पाहण्यासारखी असते ती त्याची कड. पदक आडवे धरून उजेडात फिरवले, तर त्या जेमतेम दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या कडेवर ठशाने उठवलेली बारीक अक्षरे दिसतात : सैनिकी क्रमांक, हुद्दा, नाव आणि रेजिमेंट. ही ओळ म्हणजे सरकारने धातूवर लिहून दिलेली नोंदच होय. ज्याचा शीट रोल नष्ट झाला त्याच्या घरी संग्राम पदक निघाले, तर 1971 च्या त्या काळात तो सेवेत होता याची साक्ष ती कड देते. आणि म्हणूनच अशी पदके मोडीत देणे किंवा संग्राहकाला विकणे हा स्वतःचाच पुरावा गमावण्याचा प्रकार आहे. राखीव सैनिकांच्या बाबतीत मात्र अनेकदा पदक हाती आलेलेच नसते. पदक जाहीर होणे, यादी बनणे, टांकसाळीतून नग येणे आणि वाटप होणे यात वर्षे जातात, आणि तोवर माणूस पलटण सोडून गावी गेलेला असतो. असे न मिळालेले पदक रेकॉर्ड ऑफिसकडे नंतरही मागता येते. कँटोन्मेंटच्या दुकानातून विकत आणलेली नक्कल छातीवर शोभते, परंतु तिच्या कडेवर नाव नसते.

सेवेची नोंद माणसाची अब्रू कशी राखते, याचे महाराष्ट्राला ठाऊक असलेले उदाहरण राळेगणसिद्धीचे आहे. किसन बाबूराव तथा अण्णा हजारे यांनी 1960 ते 1975 या काळात सैन्यात वाहनचालक म्हणून सेवा केली. 2011 च्या ऑगस्टमध्ये, दिल्लीतले आंदोलन ऐन भरात असताना, त्यांच्या सैनिकी सेवेविषयी जाहीरपणे शंका घेण्यात आल्या. माहिती अधिकारात अर्ज झाला आणि सैन्याने आपल्या दप्तरावरून उत्तर दिले की हजारे यांना सन्मानाने सेवामुक्त करण्यात आले होते आणि त्यांच्या नावे पाच पदके आहेत : सैन्य सेवा पदक, नऊ वर्षे दीर्घ सेवा पदक, संग्राम पदक, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षपूर्तीचे पदक आणि पश्चिमी स्टार. ज्या माहितीच्या अधिकारासाठी त्यांनी उपोषणे केली, त्याच अधिकाराने त्यांच्यावरचे किटाळ पुसले. 36 वर्षांनीही तो कागद जागेवर होता. उपदान घेऊन घरी गेलेल्या त्यांच्या काळातल्या एखाद्या राखीव सैनिकावर असा आळ आला असता, तर 25 वर्षांच्या नियमामुळे उत्तर देण्यासाठी दप्तरात बहुधा एक ओळच उरली असती.

मानाची भरपाई उशिरा कशी होते, हे सांगली जिल्ह्यातल्या पेठचे मुरलीकांत पेटकर यांच्या आयुष्यातून दिसते. ईएमईमधले हे जवान 1965 च्या युद्धात गोळ्या लागून कायमचे जायबंदी झाले, आणि 1972 साली जर्मनीतल्या हायडेलबर्ग येथील पॅरालिंपिकमध्ये 50 मीटर जलतरणात त्यांनी सुवर्णपदक जिंकले. भारताचे पॅरालिंपिकमधले ते पहिले सुवर्ण. 1982 साली अर्जुन पुरस्कारासाठी केलेली त्यांची मागणी फेटाळली गेली. पद्मश्री 2018 मध्ये आली आणि जीवनगौरव स्वरूपातला अर्जुन पुरस्कार 2025 च्या जानेवारीत, सुवर्णपदकानंतर 52 वर्षांनी. हा पुरस्कार सैनिकी नव्हता, पण आपल्या कर्तृत्वाची नोंद घ्या म्हणून सैनिकानेच अर्ज करत राहायचे, हा क्रम तोच.

इथे दोन मागण्यांमधला फरक ध्यानात घ्यायला हवा, कारण तो न कळल्याने पुष्कळ अर्ज वाया जातात. एखाद्याला शौर्यपदक मिळायला हवे होते, ही मागणी मूल्यमापनाची आहे. ते मूल्यमापन त्या वेळच्या वरिष्ठांनी करायचे असते आणि जुन्या मोहिमांच्या बाबतीत न्यायालये त्यात शिरायला तयार नसतात. एखाद्याला जाहीर झालेले किंवा नियमाने देय असलेले पदक त्याच्या सेवापत्रात नोंदले गेले नाही, ही मागणी मात्र निव्वळ नोंदीची आहे. ती तारखांवर आणि आदेशांवर सिद्ध होते आणि ती मान्य करण्यात कुणाचा कमीपणा नाही. नोंदीच्या अर्जात शौर्याचे वर्णन घातले, की कारकून तो अर्ज पहिल्या प्रकारात टाकतो आणि 'मुदत संपली' असा शेरा येतो. अर्जात सैनिकी क्रमांक, भरतीचे साल, पलटण, राखीव दलात गेल्याची आणि परत बोलावल्याची शक्य तितकी अचूक तारीख, आणि नेमकी कोणती नोंद कशी असायला हवी, एवढेच असावे.

सेना माहिती अधिकार कायद्यातून वगळलेली नाही. त्यामुळे सैनिक स्वतः आपल्या शीट रोलची आणि लाँग रोलमधल्या ओळीची प्रत मागू शकतो, आणि उत्तर 30 दिवसांत यावे लागते. 'दस्तऐवज नष्ट केला' असे उत्तर आले तरी ते लेखी घ्यावे, कारण न्यायाधिकरणासमोर तोच पहिला पुरावा ठरतो. सशस्त्र सेना न्यायाधिकरण 2007 च्या कायद्याने स्थापन झाले, 2009 पासून कामाला लागले आणि त्याचे एक पीठ मुंबईत आहे. अंतिम निर्णयापासून सहा महिन्यांत तिथे जावे लागते. लेखी निवेदनाला सहा महिने उत्तरच आले नाही, तर त्यापुढच्या सहा महिन्यांत. उशीर माफ करण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला आहे. पण हुपरीतल्या ऐंशी वर्षांच्या माणसाने एका अक्षराच्या दुरुस्तीसाठी मुंबई गाठावी, ही अपेक्षाच मुळात चुकीची आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालये जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत, माजी सैनिकांची नोंदणी तिथे होतेच. रेकॉर्ड ऑफिसने 25 वर्षे पुरी झालेले दस्तऐवज नष्ट करण्यापूर्वी त्यांच्या संगणकीय प्रती या कार्यालयांकडे द्याव्यात, आणि जिथे मूळ कागद गेलेलाच आहे तिथे सेंट लुईसप्रमाणे पगाराची पावती, मनीऑर्डरचे कुपन, रेल्वे वॉरंट, पलटणीतले जुने पत्र, पदकाची कड आणि सोबत्याचे प्रतिज्ञापत्र पुरावा म्हणून स्वीकारावे, यासाठी नवा कायदा लागत नाही. संरक्षण मंत्रालयाचे एक परिपत्रक पुरते. राखीव पद्धतीने भरती झालेले लोक आज सत्तरीच्या आणि ऐंशीच्या पुढे आहेत, आणि त्यांच्यातले सोबत्यासाठी प्रतिज्ञापत्र करू शकणारे दरवर्षी कमी होत आहेत.